कपाळावरची वेळ

टप्!

कॅरम बोर्डावर, नेमका राणीच्या शेजारी, एक लाल थेंब पडला.

वकिलाच्या बोटापुढचा स्ट्रायकर तसाच राहिला. टिकटिकनं वर पाहिलं. मुंगीनं वरही पाहिलं नाही आणि खालीही नाही. तिनं डोळे गच्च मिटून घेतले.

“दोन राण्या झाल्या का रे?” तिनं डोळे न उघडताच विचारलं.

“राणी अशी ओघळत नाही, ताई!” टिकटिक म्हणाला. “एक वाजून बावीस मिनिटं झालीत.”

“तुला वेळ कुणी विचारली?”

“कुणी नाही. पण पुढेमागे लागते.”

टिकटिक दहा वर्षांचा. आजोबांचं जुनं घड्याळ त्याच्या मनगटावर बांगडीसारखं गरगर फिरायचं आणि दर पाच मिनिटांनी तो साऱ्या जगाला वेळ कळवायचा. मुंगी त्याची बहीण, बारा वर्षांची. चणीनं लहान, म्हणून मुंगी. आणि वकील त्यांचा चौदा वर्षांचा मामेभाऊ. ‘आज ऊन आहे’ असं म्हटलं तरी ‘पुरावा काय?’ म्हणून विचारणारा!

भाचरं सुट्टीला मामाकडे आली होती, आणि मामाचा कारखाना म्हणजे जगातलं सगळ्यात खोटारडं ठिकाण होतं. मामा नाटकांचं नेपथ्य बनवायचा. भल्यामोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये जे जे दिसेल ते ते खोटं. दगडी भिंती प्लायवूडच्या, झाडं कापडाची, तलवारी थर्माकोलच्या. दार उघडावं तर मागे खोली नाही. भिंतीवर एकोणीस घड्याळं, पण एकाचाही काटा हलेल तर शपथ! खरी म्हणावी अशी एकच वस्तू होती: टेबलात बसवलेली, विजेवर चालणारी गोल करवत. तिच्यावरचं लोखंडी झाकण मामानं कधीच काढून टाकलं होतं, कारण ते ‘मध्ये मध्ये’ येतं. आता ते उलटं टांगलेलं होतं आणि मामा त्यात बिस्किटं ठेवायचा.

रक्तही खोटंच. साखरेच्या पाकात रंग कालवून मामा ते बाटल्या भरभरून करायचा. नाटकापुरतं केलं असतं तर ठीक होतं. पण आठ दिवसांत त्यानं भाचरांना तीन वेळा फसवलं होतं. लालभडक हात घेऊन लडखडत यायचा आणि विव्हळायचा, “खरंच रे! खरंच लागलंय!” सगळे हसायचे. मुंगी पहिल्या वेळी चक्कर येऊन पडली, तेव्हा तर जरा जास्तच हसले.

मुंगी हसली नव्हती. गेल्या वर्षी मैदानात टिकटिकच्या पायात काच घुसली, तेव्हा ती त्याला तिथंच सोडून पळत सुटली होती. थेट घरी, न्हाणीघरात, आतून कडी लावून. शेजारच्या काकूंनी त्याला उचलून आणलं. मुंगीला कुणी रागावलं नाही. टिकटिकनं तर तो विषय पुन्हा काढलाच नाही, आणि तेच तिला जास्त टोचत होतं. पुन्हा कुणाला लागलं तर मी पुन्हा पळणार का? हा प्रश्न ती कुणालाच विचारू शकत नव्हती.

टप्! दुसरा थेंब पडला.

“बाबांचंच काम,” वकील म्हणाला.

“पुरावा काय?” टिकटिकनं संधी साधली.

पुरावा उलटाच निघाला. मामा समोरच राजाच्या सिंहासनावर पाय पसरून घोरत होता. रंगारीकाका जेवायला घरी गेले होते. पडदे शिवणाऱ्या मावशीही डबा घेऊन कुठंतरी गेल्या होत्या. दुपारच्या सुट्टीत शेड अशी सुनसान व्हायची, की तापलेले पत्रे तडतडलेलेही ऐकू यायचे.

मग डोक्यावरच्या फळ्यांच्या माळ्यावर होतं तरी कोण?

शिडी चढताना मुंगी सगळ्यात मागे राहिली. माळ्यावर अर्धवट अंधार होता. फटींतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपांत धूळ तरंगत होती आणि त्या धुळीत पुतळे उभे होते. कापडदुकानात असतात तसले, पण मोडके. कुणाला नाक नाही, कुणाला केस नाहीत. सगळ्यांची तोंडं मात्र शिडीकडे वळलेली!

“हे आपलीच वाट बघत होते वाटतं,” टिकटिक पुटपुटला.

पुढच्या तीन पुतळ्यांना काळ्या कापडाचे रुंद पट्टे बांधलेले होते. एकाच्या दंडाला, दोघांच्या मांडीला. प्रत्येक पट्ट्यात लाकडाचा एक तुकडा अडकवून पीळ दिलेला. पट्ट्याखालून लाल ओघळ आले होते. आणि तिघांच्याही कपाळावर काहीतरी लिहिलेलं होतं.

वकिलानं जवळ जाऊन वाचलं. त्याचा आवाज एकदम बारीक झाला. “बारा अठ्ठावन्न. एक सहा. एक एकोणीस.”

“एक एकोणीस?” टिकटिकनं घड्याळ पाहिलं. “म्हणजे पहिला थेंब पडायच्या तीनच मिनिटं आधी!”

मुंगीचं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथं चौथा पुतळा खुर्चीवर बसवलेला होता. डोक्यावर जुनी टोपी, मांडीवर तसाच पट्टा, पण धूळ बसलेला, फार दिवसांपासून बांधलेला. त्याचं कपाळ कोरं होतं.

मागच्या बाजूला कुठंतरी पायरी करकरली. तिघंही शिडीवरून उतरले म्हणण्यापेक्षा घसरले म्हणणंच बरं!

दुसऱ्या दिवशी तेच पुतळे, तेच पट्टे, पण कपाळावरच्या वेळा नव्या! बारा बावन्न. एक एक. एक चौदा. कोऱ्या कपाळाचा पुतळा मात्र कोराच.

रंगारीकाकांना विचारलं, तर त्यांच्या हातातला ब्रश थांबला. “तुम्ही माळ्यावर गेला होतात? अरे, मी दोन वर्षांत तिथं पाय ठेवलेला नाही! त्या वेळा मीही तेव्हा पाहिल्या होत्या. मालकांना सांगितलं, तर ते आपले दात काढतात.”

“पण त्या वेळा कसल्या, काका?”

“कसल्या म्हणजे? शेवटच्या!” काकांनी इकडंतिकडं पाहिलं. “कपाळी लिहिलेलं कुणाला टळलंय का, बाळांनो? आज पुतळ्याच्या कपाळावर, उद्या माणसाच्या!”

त्या दुपारी टिकटिकनं आरशात तीनदा स्वतःचं कपाळ तपासलं.

“मी सांगते काय करायचं,” मुंगी अचानक म्हणाली. बोलल्यावर तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. “उद्या साडेबारालाच वर जाऊन लपायचं.”

“तू? तू तर लाल शाई पाहिलीस तरी पांढरी पडतेस!” वकील म्हणाला.

“म्हणूनच! कसलं आहे ते एकदा कळू तरी दे. नाहीतर मी आयुष्यभर शिडीखालीच उभी राहीन.”

साडेबाराला तिघं माळ्यावर, एका खोट्या दाराच्या मागे दडून बसले. दाराच्या किल्लीच्या भोकातून आळीपाळीनं बघायचं ठरलं. आधी वकील, मग टिकटिक, मग मुंगी. मुंगीची पाळी आली आणि तेव्हाच मागच्या जिन्यावर पावलं वाजली.

सावकाश. एकेक पायरी. मग फळ्यांवरून.

आकृती पुतळ्यांमधून सरकत आली. तिच्या हातात बाटली होती. तिनं एका पुतळ्याच्या दंडावर लाल धार ओतली. पदराआडून काळा पट्टा निघाला. गाठ, लाकूड, पुन्हा गाठ, आणि मग पीळ. एक, दोन, तीन. तोंडानं काहीतरी मोजणं चाललं होतं. कानामागची पेन्सिल काढून तिनं पुतळ्याच्या कपाळावर लिहिलं. मग ती आकृती जमिनीवर बसली आणि तिनं तोच पट्टा स्वतःच्याच दंडाला गुंडाळला! एक टोक दातांत धरून, मान झटकून, एकाच हातानं गाठ मारली. आणि हे सगळं डोळे मिटून.

 एवढ्यात मुंगीच्या पायाला काहीतरी चावलं. तिनं खाली पाहिलं. मुंग्यांची रांग! दाराखालून निघून ती सरळ पुतळ्याकडं, त्या लाल ओघळाकडं चालली होती.

“साखर!” मुंगी कुजबुजली. “अरे, तो पाक आहे! मामाच्या बाटलीतला! मुंग्या काय उगाच जातात का?”

“तुझीच माणसं ती, तुला कळणारच,” वकील कुजबुजला.

टी-टी-टीट! टिकटिकच्या घड्याळानं बरोबर एकचा ठोका दिला.

आकृतीनं डोळे उघडले. “बाहेर या,” ती म्हणाली.

तो आवाज ओळखीचा होता. पडदेमावशी! दिवसभर मशीनवर खाली मान घालून मैलभर लांब पडदे शिवणाऱ्या, मामाच्या कुठल्याही विनोदाला कधी म्हणजे कधीच न हसणाऱ्या पडदेमावशी.

“मावशी, तुम्ही चेटूक करता?” टिकटिकनं थेट विचारलं.

“सराव करते,” मावशी म्हणाल्या. “याला टूर्निकेट म्हणतात. मी आपली आवळपट्टा म्हणते. हातापायाची मोठी शीर तुटली, रक्त उसळून यायला लागलं आणि दाबून धरूनही थांबेना, तर माणसाजवळ चार-पाच मिनिटंच उरतात. तेवढ्यात हा बांधायचा.”

“आणि पाक कशाला?”

“रक्तानं हात निसरडे होतात. कोरड्या हातांनी शिकलेलं ओल्या हातांना येत नाही.”

“डोळे का मिटता?” वकिलानं उलटतपासणी चालू ठेवली.

“वेळ आली की डोळ्यांपुढं काळोख येतो बरं का, वकीलसाहेब. तेव्हा हातांनाच ठाऊक असावं लागतं.”

मुंगी कोपऱ्यातल्या पुतळ्याकडं बघत होती. “मावशी, याच्या कपाळावर का नाही वेळ?”

मावशींनी त्याच्या डोक्यावरची टोपी सरळ केली. खाली मामाचं घोरणं ऐकू येत होतं.

“ही टोपी आमच्या यजमानांची,” त्या म्हणाल्या. “नाटकाचे दिवे बघायचे ते. हा कारखाना नव्हे, दुसरी मंडळी, दुसरं गाव. रंगीत तालीम चालली होती. दिव्याची मोठी काच फुटली आणि मांडीत घुसली. ते रंगमंचावर येऊन ओरडले, खरंच लागलंय म्हणून. त्या नाटकातही खोटं रक्त होतंच. सगळ्यांना वाटलं, गंमत करतायत. सगळे हसले.” मावशींनी बाटलीचं बूच घट्ट लावलं. “मीसुद्धा हसले.”

टिकटिकनं मनगटावरचं घड्याळ मुठीत धरलं.

“नंतर दवाखान्यातल्या नर्सबाईंनी विचारलं, रक्त किती वाजल्यापासून जातंय? कुणालाच सांगता येईना. घड्याळ कुणी पाहिलंच नव्हतं. म्हणून हा कोरा. काय लिहू?”

आतापर्यंत मुंगीला वाटायचं, रक्त पाहून पळणारी आपण एकटीच. आणि तिथं थांबूनही काही करता न आलेलं माणूस तिच्यापुढं बसलं होतं.

“मावशी,” ती म्हणाली, “मला शिकवा.”

पुढचे पाच दिवस दुपारी एक ते दोन माळ्यावर शाळा भरली. मावशींची शिस्त कडक होती. “आधी जखमेवर फडकं घालून जोरात दाबायचं. बारक्यासारक्या जखमेला तेवढंच पुरतं, तिथं पट्टा नको! दाबून थांबत नसेल तरच पट्टा. जखमेच्या वर चार बोटं, म्हणजे जखम आणि छाती यांच्यामध्ये. सांध्यावर नाही. पट्टा रुंद हवा, दोरी किंवा तार चालत नाही. रक्त थांबेपर्यंत पीळ द्यायचा. आणि एकमेकांवर गंमत म्हणून आवळायचं नाही. आवळायला पुतळे आहेत!”

“आणि मग दर दहा मिनिटांनी सैल करायचा ना? आमच्या शाळेतल्या जुन्या तक्त्यावर तसं होतं,” वकील म्हणाला.

“मुळीच नाही! तो माणूस ओरडेल, शिव्या देईल, गयावया करेल. कारण दुखतं फार. पण एकदा बांधला की आपण सोडायचा नाही. डॉक्टरांनीच सोडायचा. आणि बांधल्याची वेळ कपाळावर लिहायची. चिठ्ठी हरवते, कपाळ हरवत नाही.”

पहिल्या दिवशी मुंगीचे हात असे थरथरले की गाठ पुतळ्याऐवजी तिच्याच बोटाला बसली. तिसऱ्या दिवशी ती डोळे उघडे ठेवून बांधायला लागली, पाचव्या दिवशी मिटून. मावशींनी तिला काळ्या पडद्याच्या कापडाचा चार बोटं रुंद पट्टा शिवून दिला. तो तिनं फ्रॉकच्या खिशात ठेवला.

“आणि त्या झाकणाचं काय?” तिनं विचारलं.

“चार वर्षं सांगतेय मालकांना. ‘लावतो हो, लावतो,’ म्हणतात आणि बिस्किट पुढं करतात.”

सहाव्या दिवशी दुपारची सुट्टी संपली. मावशी दोरा आणायला बाजारात गेल्या. रंगारीकाका एका मोठ्या पडद्यावर निळं आकाश रंगवत होते. मुलं कॅरमवर होती. करवत फळी कापत गुणगुणत होती.

मग तिचा आवाज बदलला. एक कर्कश किंचाळी, आणि पुन्हा गुणगुण.

मामा खांबामागून लडखडत आला. डावा हात लाल, शर्ट लाल. “अरे… खरंच… खरंच लागलंय…”

“वा, मालक! आज आवाज काय लागलाय!” मागे न बघताच काका म्हणाले.

“बाबा, चौथ्यांदा फसणार नाही हं आम्ही!” वकील म्हणाला. टिकटिक खो-खो हसत सुटला.

मुंगीही हसली. हसू ओठांवर आलंच होतं, तेवढ्यात तिला दिसलं. ते लाल ओघळत नव्हतं, उसळत होतं. थांबून थांबून, नाडीच्या ठोक्यासारखं. आणि त्याला पाकाचा गोड वास नव्हता. गंजलेल्या लोखंडासारखा वास होता.

मीसुद्धा हसले, असं मावशी म्हणाल्या होत्या.

मुंगीचे पाय दाराकडं वळले. एक पाऊल, दोन पावलं. दार उघडं होतं, बाहेर ऊन होतं, न्हाणीघराला आतून कडी होती. तिसरं पाऊल पडायच्या आत तिनं खिशात हात घातला आणि तिला तो पट्टा लागला.

ती वळली आणि किंचाळली, “हसू नका! हे खरं आहे! वास घ्या, हे गोड नाही!”

काका गर्रकन मागे वळले. मामा मटकन खाली बसला.

“वकील, करवत बंद कर आणि रुग्णवाहिकेला फोन लाव! काका, स्वच्छ फडकं!” फडक्याची घडी कोपराजवळच्या जखमेवर ठेवून मुंगीनं दोन्ही हातांनी सगळा जोर लावला. घडी क्षणात भिजली. बोटांमधून ऊन ऊन रक्त उसळू लागलं. तिच्या डोळ्यांपुढं काळोख आला. तिनं डोळे मिटले.

हातांना ठाऊक होतं.

कोपराच्या वर, दंडावर पट्टा. गाठ. “काठी द्या!” काकांनी जवळचा राजदंड पुढं केला. तो गाठीत अडकवून तिनं पीळ दिला मात्र, कट्! राजदंडाचे दोन तुकडे झाले आणि थर्माकोलचे पांढरे मणी मामाच्या अंगावर सांडले.

“इथं काही खरं आहे की नाही!” मुंगी रडत ओरडली. मग तिला काकांच्या हातातला जाड दांड्याचा ब्रश दिसला. “तुमचा ब्रश द्या, काका!”

दांडा अडकवला. वर गाठ. एक पीळ. दोन. मामा कळवळला, “सोड, बाई, सोड! हात तुटतोय माझा! हात जोडतो तुला!” जोडायला त्याच्याकडं हात एकच होता, तो त्यानं तसाच पुढं केला.

“नाही सोडणार!” मुंगीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तीन. चार. रक्ताची उसळी मंदावली, ठिबकली, थांबली. वकिलानं फोन कानाला लावूनच स्वतःचा रुमाल पुढं केला, त्या रुमालानं तिनं दांडा पक्का बांधून टाकला.

“किती वाजले?”

काकांनी सवयीनं भिंतीकडं पाहिलं. भिंतीवर एकोणीस घड्याळं एकोणीस वेगवेगळ्या वेळा दाखवत होती.

“दोन वाजून अठरा मिनिटं,” टिकटिक म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, पण घड्याळ धरलेला हात नाही.

मुंगीनं मामाच्या कानामागची सुतारी पेन्सिल ओढली आणि त्याच्या कपाळावर टेकवली. घामावर ती उमटेना. तिनं रंगाच्या डब्याकडं बोट नेलं, तर काकांनी तिचं मनगटच धरलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“नको! कपाळावर नको लिहूस! पुतळ्यांचं ठीक होतं. कपाळी लिहिलेलं टळत नाही, पोरी!”

“काका, ही मरायची वेळ नाही! वाचवल्याची आहे! दवाखान्यात पहिलं हेच विचारतील. आणि आपल्याला सांगता आलं नाही तर?”

काका क्षणभर तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी मनगट सोडलं आणि आकाशी रंगाचा डबा स्वतःच तिच्यापुढं धरला.

मामाच्या कपाळावर बोटाएवढे जाड निळे आकडे उमटले: २:१८.

दारात दोऱ्याची रिळं खाली पडून घरंगळत गेली. पडदेमावशी उभ्या होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत.

“कुणी हसलं नाही ना?” त्यांनी विचारलं.

“हसलो, मावशी,” मुंगी म्हणाली. “पण थोडाच वेळ.”

मग मावशी आल्या आणि मामाजवळ गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी जखमेकडं पाहिलं. “पुन्हा झिरपतंय. अजून अर्धा पीळ.” त्यांनी दांडा धरायला हात पुढं केला, पण तो पानासारखा थरथरत होता. चार वर्षं सराव केलेला हात! त्यांनी तो मुंगीच्या हातावर ठेवला. मुंगीनं रुमालाची गाठ सोडून अर्धा पीळ दिला आणि दांडा पुन्हा बांधला. दोघींनी मिळून तो रुग्णवाहिका येईपर्यंत धरून ठेवला.

दवाखान्याच्या ओसरीत दोन तास गेले. मग एक उंच डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, “पेशंटच्या कपाळावर ऑइलपेंटनं कुणी लिहिलंय?”

मुंगी उभी राहिली. आता ओरडा बसणार! “मी. पेन्सिल उमटत नव्हती.”

“आणि पट्टा?”

“मीच.”

डॉक्टरबाईंनी तिच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. वरपासून खालपर्यंत फारसं अंतर नव्हतंच. “बाळ,” त्या म्हणाल्या, “तू पट्टा बांधला नसतास तर तुझे मामा इथपर्यंत पोचलेच नसते. आणि वेळ कळली म्हणून हाताचं काय करायचं ते आम्हाला झटकन ठरवता आलं. माणूसही वाचला, हातही वाचला. शाबास! तुला शिकवलं कुणी?”

मुंगीनं मावशींकडं बोट दाखवलं. मावशी तेव्हा भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या.

दहा दिवसांनी मामा घरी आला. कपाळावरची २:१८ फिकट झाली होती, पण गेली नव्हती. रॉकेलनं पुसायला मामानंच नकार दिला होता. मामा शुद्धीवर आल्या आल्या वकिलानं त्याच्याकडून कागद लिहून घेतला होता: करवतीवर झाकण कायम राहील, बिस्किटं डब्यात राहतील, नाटकाचं रक्त मावशींच्या कुलुपात राहील, आणि ‘खरंच’ हा शब्द या शेडमध्ये फक्त खऱ्यालाच वापरला जाईल. सही उजव्या हाताची, साक्षीदार रंगारीकाका.

“कपाळी लिहिलेलं टळत नाही म्हणतात,” काका सगळ्यांना सांगत सुटले होते. “आमच्या मालकांचं लिहिल्यामुळंच टळलं!”

आणि त्याच दिवशी, दवाखान्यात मुंगीला कबूल केल्याप्रमाणे, डॉक्टरबाई कारखाना बघायला आल्या. त्यांनी मावशींना महिन्यातून एकदा दवाखान्यात येऊन शिकवायची गळ घातली. मुंगीची पाठ थोपटली. मग म्हणाल्या, “ते पुतळे कुठं आहेत? मला बघायचेत.”

सगळे माळ्यावर गेले. तीच तिरीप, तीच धूळ, तीच वळलेली तोंडं. पण मुंगीला त्यांची भीती वाटली नाही. तिनं त्या सगळ्यांना वाचवलं होतं, कुणाकुणाला दोन-दोनदा.

मावशी कोपऱ्यातल्या खुर्चीजवळ थांबल्या. “डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “एक काम होतं. हा पट्टा मी चार वर्षांपूर्वी बांधलाय. पण तो आपण सोडायचा नसतो. डॉक्टरांनीच सोडायचा असतो.”

डॉक्टरबाईंनी टोपीकडं पाहिलं, मावशींच्या चेहऱ्याकडं पाहिलं. एकही प्रश्न विचारला नाही. त्या धुळीतच गुडघे टेकून बसल्या आणि खरा माणूस असावा तशा हळुवारपणे एकेक पीळ उलगडत गेल्या. पट्टा मोकळा झाला.

“सोडल्याचीही वेळ लिहायची असते,” त्या म्हणाल्या. “किती वाजले?”

“चार वाजून पाच मिनिटं,” टिकटिक म्हणाला.

डॉक्टरबाईंनी खिशातलं पेन काढलं आणि त्या कोऱ्या कपाळावर सावकाश लिहिलं: ४:०५.

मावशी ते आकडे बघत राहिल्या. मग त्या तिथंच खाली बसल्या आणि पदरात तोंड लपवून रडायला लागल्या. मुंगी त्यांच्याजवळ जाऊन बसली. कुणी हसलं नाही, आणि त्यानंतर बराच वेळ टिकटिकनंसुद्धा कुणाला वेळ सांगितली नाही.